एफ-१२ मार्गे डेबियन

पॉवरच्या बटणापासून लॉगिनच्या चौकटीपर्यंतचा प्रवास हा एरवी अगदी बेचव. वाटेत बघण्यासारखं काही नाही आणि डबा उघडावा इतका वेळही मिळत नाही. त्याची खुमारी कळायला एकाच मशीनमध्ये दोन डिस्क आणि त्यांवर दोन वेगवेगळी लिनक्स लागतात. मग हाच प्रवास रविवारी चहानंतर सुरू होतो आणि रात्रीची भांडी घासून झाली तरी संपत नाही.

या हकिकतीतले गृहस्थ जुन्या एसएसडीवर डेबियन घेऊन सुखात होते. पण सुख अंगी लागत नाही म्हणतात, तसं त्यांनी नवी एनव्हीएमई डिस्क आणली आणि तिच्यावर उबुंटू चढवलं. हिशेब सरळ होता. दोन डिस्क, दोन चुली, कुणी कुणाच्या ताटात डोकवायचं नाही. चुली वेगळ्या झाल्याही. दिंडीदरवाजा मात्र एकच राहिला होता आणि त्याची किल्ली थोरल्याच्या कनवटीला होती.

यूईएफआय पद्धतीच्या मशीनमध्ये बूटलोडर ईएसपी नावाच्या एका छोट्या एफएटी३२ विभागात राहतो. आधी कुणाला हाक मारायची याची यादी डिस्कवर नसतेच, ती मदरबोर्डच्या एनव्हीरॅममध्ये असते. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर ‘बूटलोडर कोणत्या डिस्कवर टाकू?’ असं अदबीनं विचारायचा. माणूस दुसरी डिस्क निवडायचा. इन्स्टॉलर मान डोलवायचा आणि पहिल्या डिस्कवर जो ईएसपी सापडेल त्यातच सामान उतरवायचा. ही तक्रार प्रकल्पाच्या दप्तरी वर्षानुवर्षं नोंदलेली होती. पण घर घेताना सात-बारा वाचणारा माणूस इन्स्टॉलरची दप्तरं वाचत नाही.

मशीन सुरू झालं, ग्रब या बूटलोडरचा मेन्यू आला. त्यात उबुंटू होतं आणि डेबियन गायब. शेजारच्या सिस्टिम हुडकणारा ओएस-प्रोबर नावाचा वाटाड्या ग्रबनं २.०६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, सुरक्षेच्या कारणानं मुळातच घरी बसवला आहे. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ घालून, मेन्यू नव्यानं तयार करून गृहस्थांनी त्याला कामावर घेतलं. डेबियनचं नाव झळकलं. त्यांनी ऐटीत एंटर मारला आणि पडद्यावर शिमची सही अमान्य असल्याचा शेरा उमटला.

इथे या प्रवासातली सर्वांत मजेची सरहद्द लागते. सह्या तपासणारं सिक्युअर बूट चालू असलं की उबुंटूचा शिम, म्हणजे ग्रबच्याही आधी उठणारा दारवान, उबुंटूच्याच कर्नलची सही ओळखतो. डेबियनच्या सहीला तो दाद देत नाही. डेबियनला स्वतःच्या शिममधून यावं लागतं आणि या दोन्ही शिमवर शिक्का असतो तो मायक्रोसॉफ्टचा. विंडोजचा जाच नको म्हणून ज्यांनी घर सोडलं, त्यांचा पासपोर्ट अजून त्याच कचेरीतून निघतो.

“काका, ग्रबचा मेन्यू सोडा. फर्मवेअरचा बूट मेन्यू उघडा आणि तिथून डेबियन निवडा,” पुतण्या फोनवर म्हणाला.

सल्ला बिनतोड होता, पण कळ कोणती? डेलवर एफ-१२, एचपीवर एफ-९, असूसच्या मदरबोर्डवर एफ-८. शिवाय ती नेमकी कधी दाबायची हे कुठेच लिहिलेलं नसतं. क्षणभर आधी दाबली तर कीबोर्ड जागा नसतो, क्षणभर उशीर झाला तर गाडी गेलेली असते. अनुभवी लोक ती सतत बडवतात. गृहस्थांनीही बडवली आणि डेबियन उघडलं. इथे थांबले असते तर दुपारची झोप मिळाली असती.

पण त्यांना खातरी करायची होती. पुतण्यानंच सुचवलं, “एकेक डिस्क काढून बघा ना.” जुनी काढली तर मशीन म्हणालं, बूट करण्याजोगं साधनच नाही. उबुंटू धडधाकट असून दाराबाहेर. जुनी लावून नवी काढली तर काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढं नाव, पुढे एक कंस आणि लुकलुकता कर्सर. वर सूचना होती की, बॅशसारखं किमान संपादन इथे चालेल. किमान हा शब्द फार प्रामाणिक. या मुक्कामी डिस्क शून्यापासून मोजतात आणि विभाग एकपासून. जुन्या ग्रबमध्ये विभागही शून्यापासून असत, त्यामुळे जुना सल्ला पाळणारा नेमका शेजारच्या घरात शिरतो.

तसा हा ग्रब भोळाही आहे. स्पेनमधल्या वालेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातल्या दोघांनी २०१५ साली दाखवून दिलं की, पासवर्डाचा पहारा असला तरी नावाच्या जागी बॅकस्पेस २८ वेळा दाबली की तो आपणहून रेस्क्यू शेल उघडून देतो. ती चूक तेव्हाच दुरुस्त झाली. गृहस्थांपुढे पहारा नव्हताच, तरी त्यांनी वैतागून बॅकस्पेस त्याहून जास्त दाबली. काही उघडलं नाही.

उपाय पेनड्राइव्हवरच्या लाइव्ह उबुंटूत होता. बूट मेन्यूत तो एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा यूईएफआय बिरुदासह आणि एकदा नुसता. नुसत्यातून गेलं तर एनव्हीरॅमची यादी हाती लागत नाही. अर्थात, गृहस्थ आधी नुसत्यातून गेले.

दुसऱ्या खेपेला काम झालं. नव्या डिस्कचा मोठा विभाग थोडा आकसवून तिथे स्वतंत्र ईएसपी केला, उबुंटूत सीएचरूट करून ग्रब पुन्हा बसवला आणि एफएसटॅबमध्ये ईएसपीचा नवा यूयूआयडी लिहिला. हे शेवटचं विसरलं, तर जुनी डिस्क काढल्यावर सिस्टिम नाहीशा झालेल्या विभागाची ९० सेकंद वाट बघते आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते. पुतण्यानं दोन्ही डिस्कवर ईएफआय फोल्डरातल्या बूट नावाच्या खोलीत बूटलोडरची जादा प्रतही ठेवायला लावली. यादी हरवली की फर्मवेअर तिथेच चौकशी करतं. एवढं सगळं करण्यापेक्षा उबुंटू घालताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली असती तर दोन मिनिटांत भागलं असतं, हेही त्यानं सांगितलं. काम उरकल्यावर सांगितलं.

पुढे गृहस्थांनी मदरबोर्डचं फर्मवेअर अद्ययावत केलं आणि एनव्हीरॅममधल्या नोंदी पुसल्या गेल्या. मशीननं जादा प्रतीची खोली शोधली, जी आधी सापडली ती जुन्या डिस्कवरची निघाली. जायचं होतं उबुंटूला, उतरले डेबियनला. वीजबिल भरायचा शेवटचा दिवस होता. ते त्यांनी तिथूनच भरलं.