फक्त चढाचे पैसे

सांगलीकराला उंची कळते ती आयर्विन पुलाखालच्या कृष्णेच्या पाण्याच्या फुटांत. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका आणि 2019 च्या पुरासारखे 57 म्हणजे फ्रीज वरच्या मजल्यावर. आमच्याकडे उंची आपणहून दारात येते. तिच्याकडे चालत जायची सवय नाही. म्हणून पन्नाशीनंतर मी सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "अहो, हिल म्हणजे किती हिल?"

निमित्त पुण्याचं होतं (शहराचं नव्हे). पुरात पुस्तकं भिजलेल्या एका वाचनालयासाठी किलोमीटरमागे देणगी जमवायची. हळदीचा व्यापार करणारे आमचे अण्णा म्हणाले, "किलोमीटरला शंभर. पण चढाचे हां! सपाटीला काय, म्हैसपण चालती." वाचनालयाच्या चिटणिसांनी तसं वहीत लिहून घेतलं.

आता सांगलीत चढ आणायचा कुठून? मी अपार्टमेंटचा जिना धरला. मला घामाघूम वर जाताना पाहून तळमजल्यावरच्या काकूंनी 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लावली आणि अख्खी इमारत माझ्याबरोबर सरावाला लागली. रविवारी मिरजेपलीकडे दंडोबा. डोंगर गुणी, पण खाली उतरलं की भडंग लागतंच, आणि भडंग एकटं कधी पोटात जात नाही.

शेवटी सातारा गाठायचं ठरवलं. पेठनाका, कराड करत एसटी निघाली. कृष्णा महाबळेश्वराहून निघते, माहुलीला वेण्णेला आणि कराडला कोयनेला बरोबर घेत निवांत सांगलीला उतरते. आम्ही तिच्या उलटे निघालो होतो. नदीची अक्कल माणसाला नसते.

साताऱ्यात माणसं अजिंक्यताऱ्यावर दूध आणायला निघाल्यासारखी जातात. सकाळी सकाळी, चपला घालून, वर गप्पा मारत! अर्ध्या वाटेवर मी एक दगडी भिंत किती जुनी आहे हे खूप वेळ बघत उभा होतो. काठी टेकत मागून आलेल्या एका आजोबांनी विचारलं, "पाव्हणं कुठलं?"

"सांगली."

"मग बसा."

एवढ्यात माझी सगळी वैद्यकीय तपासणी झाली. मग ते शेजारी टेकून सांगू लागले, "आमच्या साताऱ्याची प्रियांका मोहिते. 2013 ला एव्हरेस्ट. पुढं ल्होत्से, मकालू, अन्नपूर्णा, कांचनजुंगा. आठ हजार मीटरच्या वरची पाच शिखरं केली पोरीनं."

"आणि हा किल्ला?"

"हजारभर मीटर. त्यातलं सातशे आमच्या गावानंच चढून ठेवलंय. तुम्हाला तीनशेच राहिलंय."

स्पर्धेच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात धुकं होतं. चढ संपला असं धुकं सांगायचं आणि पुढचं वळण ते खोडून काढायचं. या स्पर्धेची 2015 साली गिनीज बुकात नोंद झाली, डोंगरावर सगळ्यात जास्त माणसं धावली म्हणून. चालणारे त्यात धरतात का, हे मी एका स्वयंसेवकाला विचारलं. त्यानं मला पाणी दिलं. कडेला ढोल-ताशे वाजत होते. माझ्यापेक्षा पांढऱ्या केसांच्या एक बाई "चला काका!" म्हणत पुढं निघून गेल्या. कासच्या रस्त्यावरून मागं वळलो आणि उतार लागला, तेव्हा कळलं की चढाला फक्त दम लागतो. उतार थेट गुडघ्यांशी बोलतो.

सांगलीत परतल्यावर अण्णांनी हिशेब मांडला. "एकवीसचे निम्मे साडेदहा. हे घ्या हजार पन्नास."

"आणि उतार? गुडघे गेले माझे, अण्णा!"

"उतार डोंगरानं दिला. त्याच्या नावानं पावती फाडा."

चिटणीस मुरलेले. त्यांनी उतार निम्म्या दरानं मिटवला, पाचशे पंचवीस मोजून घेतले आणि पुढल्या वर्षीच्या यादीत अण्णांचं नाव घातलं.