शाकाहारी पोटभाडेकरू

ज्या वस्तीत माशाची किंमत त्याच्या कालवणावरून ठरते, जेथे पोर पाटीवर अक्षर गिरवण्याआधी सरंगा आणि हलवा यांतला भेद सांगू लागते, आणि जेथे मासा जिवंत असणे ही अवस्था अल्पकालीन व काहीशी गैरसोयीचीच समजली जाते, त्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात जन्मून, सरकारी कचेरीत हयातभर कारकुनी करून, निवृत्तीनंतर काचेच्या पेटीत मासे पाळू लागणाऱ्या इसमाविषयी शेजाऱ्यांनी कोणते मत बनवावे, याबद्दल मी कोणाकडे कधी तक्रार गुदरली नाही. माझ्या आत्येने तर आपले मत पहिल्याच दिवशी रुजू केले. पेटीसमोर उकिडवी बसून, निऑन टेट्रांचा तो निळा-तांबडा घोळका नीट निरखून तिने विचारले, “ह्यो खावाचा, का निस्ता बघाचा?” निस्ता बघायचा, असे मी नम्रपणे सांगताच “मंग ठेवलास कशाला?” असा पुरवणी प्रश्न टाकून, उत्तराची वाट न पाहता, ती उठली.

पेटी दोन फुटी. तीत 70 लिटरच्या आतबाहेर पाणी मावते, आणि त्या पाण्यात डझनभर निऑन, काही गप्पी आणि स्वतःला त्या मुलखाचे इनामदार समजणारी एंजल माशांची एक जोडी असा संसार नांदतो. उन्हाळाभर पश्चिमेच्या उन्हाने काचेवर शेवाळ धरले, आतल्या मंडळींचे दर्शन दुर्मिळ झाले, आणि क्रॉफर्ड मार्केटच्या एका दुकानदाराने त्यावर तत्काळ उपाय सांगितला : “सकर घ्या, काका. काच चाटूनपुसून लख्ख ठेवतो.” काचेला तोंडाने चिकटलेला, अंगावर ठिपक्यांचे चिलखत ल्यालेला, अडीच इंचांचा तो प्राणी मोठा गरीब व कष्टाळू दिसत होता. परंतु 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईकराला एक गोष्ट कायमची शिकवली आहे, ती अशी की खोलीत माणूस घ्यायचा तर त्याची जी काय चौकशी करायची ती आधी करावी. एकदा त्याचे बिऱ्हाड आत आले, की मग त्याची वहिवाट सिद्ध होते आणि मालकाच्या नशिबी कोर्टाच्या तारखा येतात. मी अर्ज ठेवून घेतला आणि चौकशी सुरू केली.

चौकशीत असे निष्पन्न झाले, की हा गरीब अर्जदार यथावकाश दीड फुटाचा होतो. दोन फुटी पेटीत दीड फुटी मासा म्हटला, की त्याने कूस बदलायची म्हणजे इतरांनी बाहेर येऊन उभे राहायचे. शिवाय शेवाळ खाण्याचे काम तो बालपणी मन लावून करतो. वयात आल्यावर ते त्याला कमीपणाचे वाटू लागते, आणि रात्री सारी पेटी निजली असता एंजलसारख्या संथ, चपट्या माशाच्या अंगाला चिकटून तो त्याच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर खरवडू लागतो. अशा भाडेकरूला कंटाळलेले मालक त्याला गुपचूप जवळच्या पाण्यात सोडून देतात. सोलापूर जिल्ह्यातल्या उजनीच्या जलाशयात याच जातीच्या सकरांनी ठाण मांडले आहे. काटेरी अंगाने ते जाळी फाडतात, काठाच्या मातीत बिळे पोखरून अंडी घालतात, आणि बाजारात त्यांना कवडीची किंमत नसल्यामुळे तेथील मच्छीमारांनी त्यांचे करावे तरी काय, हा प्रश्न शिल्लकच राहतो. घरातली पीडा भीमेच्या गळ्यात बांधण्याचा हा प्रकार मला कोळ्याच्या जातीला लांच्छनास्पद वाटला. अर्ज नामंजूर.

पुढील अर्ज मात्र मी कौतुकाने वाचले. या कुलातले मासे दक्षिण अमेरिकेच्या नद्यांतून इतक्या भराभर येऊ लागले, की शास्त्रज्ञांना नावे ठेवण्यास सवड मिळेना; तेव्हा 1988 साली एका जर्मन नियतकालिकाने ‘एल’ या अक्षरापुढे क्रमांक घालून त्यांची नोंद करण्याचा प्रघात पाडला. नावाचा पत्ता नाही, पण आवक क्रमांक पडलेला आहे, ही व्यवस्था वाचून माझ्यासारख्या जुन्या कारकुनाचे अंतःकरण भरून आले. यांतला 46 क्रमांकाचा झेब्रा म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे साक्षात लावण्य : ब्राझीलच्या शिंगू नदीचा रहिवासी, उंची तीन इंच, परंतु मांसाहारी, शेवाळाविषयी संपूर्ण उदासीन, आणि त्याच्या निर्यातीस त्याच्या मायदेशातच मनाई. किंमत ऐकल्यावर मी ते प्रकरण दप्तरी दाखल केले. चार इंची क्लाऊन लाकूड कुरतडण्यात आयुष्य वेचतो. त्याला काच दिसत नाही.

राहिला ब्रिसलनोज. पाच इंचांपुढे सहसा जात नाही, शेवाळ इमानाने खातो, शेजाऱ्यांच्या अंगाला तोंड लावल्याचे वृत्त क्वचितच ऐकू येते. नराच्या नाकाडावर मात्र मांसल दोऱ्यांचे असे जंगल माजते, की प्रथमदर्शनी तो कोणत्याही सभ्य वस्तीत घेण्याजोगा वाटू नये.

मी त्याला आणले ते दिवस समुद्रबंदीचे होते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी मना असते. होड्या शाकारलेल्या, खलाशी गावी गेलेले, आणि ज्यांच्या हाताला जाळ्यांच्या डागडुजीखेरीज काम नाही असे अनुभवी लोक गल्लीत मुबलक. आमच्या शेजारच्या तांडेलाने प्लास्टिकची पिशवी उजेडापुढे धरली, बाजूच्या परांचा पहिला टणक काटा पाहिला आणि म्हणाला, “शिंगाल्याचा भाऊबंद हाय. जाल्यान् धरू नको.” हे त्याला कोणी शिकवले नव्हते, शिंगाळ्याचा काटा जाळ्यात अडकला तर एक तर जाळे कापावे लागते नाही तर हात फाटतो, एवढे त्याला ठाऊक होते. पाळीव सकराला जाळीने न उचलता डब्यात घ्यावे, असे सांगणारे सारे जाणते लोक कारण हेच देतात.

ब्रिसलनोजचा नर गुहेत अंडी घेऊन बसतो, परांनी त्यांना वारा घालतो, आणि माता आपल्या वाटेने निघून जाते, हे मी सांगितले तेव्हा तांडेलाला यत्किंचितही नवल वाटले नाही. शिंगाळ्याचा नर तर गोटीएवढी अंडी तोंडात धरून हिंडतो, आणि पिले बाहेर पडेतो त्याच्या पोटात अन्न जात नाही. जाळ्यात आलेल्या शिंगाळ्याच्या तोंडातून ती अंडी घरंगळताना त्याने कितीदा पाहिली होती. त्याने फक्त एक विचारले : गुहा किती? एक, मी म्हणालो. “मंग नर बी एकच,” असा निकाल देऊन तो आपल्या जाळ्याकडे वळला. दोन नर व एक गुहा यांतून उद्भवणारे दिवाणी आणि फौजदारी दावे मी त्या एका वाक्याने टाळले.

आता काच स्वच्छ आहे. एंजल जोडी नव्या रहिवाशाकडे पाहतही नाही, कारण तो दिवसभर लाकडाच्या ढलपीखाली दडून असतो. अडचण निराळ्याच बाजूने आली. शेवाळ संपले. आणि या प्राण्याला कोळंबी चालत नाही, सुकट चालत नाही. त्याला हवी काकडी, दोडका, पालकाचे वाफवलेले पान. ज्या घरात भाजी ही सोमवारची शिक्षा, त्या घरात एका माशापायी रोज भाजी येऊ लागली, आणि आमच्या छताखालचा एकमेव शाकाहारी हा पाण्यात राहतो, ही बातमी ससून डॉकपर्यंत पोचली. काकडीची चकती बुडावी म्हणून ती काट्याला टोचून रात्री सोडावी लागते आणि पाणी नासू नये म्हणून सकाळी काढावी लागते. हे दोन्ही सोपस्कार अलीकडे आत्या करते. परवा सुनेने बोंबलांच्या जोडीला कोशिंबीर करावी म्हणून शिंकाळ्यातली काकडी उचलली, तर आत्येने विळीवरून मान वर न करता तिला बजावले, “ठेव ती. माशाची काकरी हाय.”