पूर्ण तिकीट

सकाळची खेड गाडी माझ्यासाठी थांबते, असं मी ऑफिसात सांगतो. थांबते हे खरं आहे. मी चिपळूणच्या चिंचनाक्यावर पोचतो तेव्हा ती स्टँडवर थांबलेलीच असते, कारण ड्रायव्हरचा चहा व्हायचा असतो. पण दोन गोष्टी एका वेळी घडल्या की त्यातली कुठली कारण म्हणून उचलायची हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि मी तर पेशाने हिशेबनीस आहे. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे आकडे जुळवणं हा माझा धंदा. आकडे जुळवता जुळवता स्वतःचं महत्त्वही जुळवायची सवय लागते.

उदाहरणार्थ, एसटी महामंडळ माझ्यावर चालतं. हसू नका, हिशेब देतो. आमची आई पंचाहत्तरी पार करून बसली आहे, ऑगस्ट 2022 पासून ती फुकट. बायको मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटात. गावाकडची पुतणी अहिल्याबाई होळकर योजनेच्या पासावर शाळेत येते, तिला काहीच पडत नाही. सबंध खानदानात पूर्ण तिकीट काढणारा इसम एकच. आईची तर गुहागरच्या व्याडेश्वरावरची भक्ती नेमकी ऑगस्ट 2022 पासून वाढली. दर सोमवारी ती मार्गताम्हाणे, शृंगारतळी करत गुहागरला जाऊन येते आणि संध्याकाळी मला विचारते, "तुझं तिकीट किती झालं रे आता?" जानेवारी 2025 मध्ये भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं तेव्हा घरात त्या बातमीकडे मान वर करून बघणारा मी एकटा होतो. बाकीच्यांनी ती शेजारच्या राज्याची बातमी असल्यासारखी ऐकली.

एवढा भार वाहणारा माणूस बसणार कुठे? विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव असलेल्या आसनावर. आमदार खेड गाडीने जात नाहीत, ही लोकशाहीची उणीव असेल, माझी सोय आहे. डोक्यावर ती अक्षरं असली की पाठ आपोआप ताठ होते. एकदा बहादूरशेख नाक्यावर एक आजी पाटी घेऊन चढल्या. त्यांनी आधी अक्षरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आमदार काय तुम्ही?" म्हणाल्या. 'नाही' म्हणायच्या आधी मी जरा जास्तच थांबलो, हे मला कबूल केलं पाहिजे. "मग सरका," आजी म्हणाल्या, "आमदार असता तर रस्त्याचं बोलला असता." आणि ओली पाटी माझ्या इस्त्रीच्या पँटवर ठेवून त्या घाट संपेपर्यंत गाढ झोपल्या.

या रस्त्यावर मला कोणीतरी ओळखावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. चिंचनाक्यावर उन्हापावसात मी किती वर्षं उभा राहिलोय. भांग पाडलेला, शर्ट खोचलेला, डबा सरळ धरलेला. कोणी कधी माझा फोटो काढला नाही. आणि 2024 च्या जूनच्या शेवटच्या रविवारी रात्री त्याच चिंचनाक्यावर, धो धो पावसात, एक मगर चालत गेली आणि सबंध देशाने तिचा व्हिडिओ बघितला.

मगरीचं मला वाईट वाटत नाही. तिचं चिपळूणशी नातं माझ्यापेक्षा जुनं आहे. वाशिष्ठीत मगरींचं घराणं कधीपासून नांदतंय, शिवनदी तर गावाच्या मधूनच वाहते, आणि गोवळकोटच्या बाजूला माणसं मुद्दाम होडीत बसून त्यांना बघायला जातात. (मला बघायला कोणी रिक्षासुद्धा करून आलेलं नाही.) मला वाईट वाटलं ते तिच्या चालीचं. व्हिडिओ नीट बघा. मागे रिक्षाचा दिवा, वरून पाऊस, आणि ती मधोमध, पोट रस्त्यापासून उचललेलं, एकेक पाय ठरवून टाकतेय. घाई नाही, हॉर्नकडे लक्ष नाही, खड्डा चुकवणं नाही. इतक्या वर्षांत त्या नाक्यावरून एवढ्या ऐटीत गेलेला प्रवासी मी बघितलेला नाही. आम्ही जातो ते पिशवी छातीशी धरून, एक डोळा गाडीवर आणि एक चिखलावर ठेवून. ती गेली ती नगराध्यक्षासारखी.

शिवाय तिला संरक्षण आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मगरीचं नाव आहे, वाघाच्या पंक्तीला. तिला ढकललं, दामटलं, तिच्या पायावर पाय दिला तर थेट गुन्हा. रोज अप-डाऊन करणाऱ्याचं नाव कुठल्या अनुसूचीत आहे? माझ्या पायावर आजवर जेवढे पाय पडलेत तेवढ्यांवर खटले भरले असते तर चिपळूणचं कोर्ट दुसऱ्या कामाला मोकळं राहिलं नसतं. आणि मगर महिनोन् महिने न खाता राहू शकते म्हणे. म्हणजे डबा नको, डब्याची पिशवी नको, पिशवीतून आमटी गळून लेजरवर जायची भीती नको. थंड रक्ताचा प्राणी, उन्हात पडून राहिला की ड्युटी झाली. ऊन जास्त झालं तर नुसता जबडा उघडायचा. हे शेवटचं मात्र आमच्या गाडीत परशुराम घाटात पुष्कळांना जमतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. गाडी खचाखच, आणि विषय एकच. व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता, पण तेवढ्यावर भागवतील ते चिपळूणकर कसले. जो तो ती रात्र प्रत्यक्ष जगलेला. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने वाढतं हे आपल्याला माहीत आहे. त्या दिवशी मगरीची लांबीही टप्प्याने वाढत होती. स्टँडवर आठ फूट होती, वाशिष्ठीच्या पुलावर दहा झाली, घाटमाथ्यावर एकाने हात पसरले ते खिडकीबाहेर गेले. मी न राहवून म्हटलं, "मी रोज तिथेच उभा असतो." क्षणभर शांतता झाली. वाटलं, आला आपला नंबर. मग एकजण म्हणाला, "तुम्ही चिंचनाक्यावर असता? आम्हाला वाटलं मार्कंडीला चढता."

असो. मगर पुरे.

घाटाबद्दल थोडं बोललं पाहिजे, आजींना मी तसा शब्द दिलेला नाही, तरी. परशुरामाचा बाण आणि चौपदरीकरण हा विनोद आमच्या गाडीत रोज कोणीतरी करतं, म्हणून मी करत नाही. एवढंच सांगतो की या महामार्गाचा क्रमांक पूर्वी 17 होता, आता 66 आहे, आणि माझ्या माहितीत या रस्त्याने विनाअडथळा केलेली प्रगती एवढीच. पनवेलच्या टोकाला काम 2011 मध्ये सुरू झालं. त्या साली जन्मलेली मुलं आता दहावीच्या वयाची झाली. 2022 च्या उन्हाळ्यात डोंगर कापायला घाट दुपारचे काही तास बंद ठेवायचे, तेव्हा सेकंड शिफ्टची माणसं चिरणी-आंबडसच्या वळणांनी लोट्याला यायची आणि कामाला लागायच्या आधी अर्धा तास नुसती बसून राहायची. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात दरड. पांढरा शर्ट मी सोडून दिला. बायको म्हणते, बरं झालं, तो तुम्हाला शोभत नव्हताच.

ऑक्टोबर 2023 मध्ये बहादूरशेख नाक्यावर बांधत असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला. जीव कोणाचा गेला नाही. बातमी कळली तेव्हा मी टेबलावर फोन समोर ठेवून बसलो होतो, आता चौकशीचे फोन येतील म्हणून. मी त्याच नाक्यावरून रोज जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक फोन आला, बायकोचा: "येताना वाटाणे आणा." ते मी हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर कितीतरी दिवस नाका आला की गाडीतलं बोलणं थांबायचं आणि सगळी डोकी एकदम वर बघायची. मगरीच्या गप्पा मारणारी हीच माणसं. आपण ज्याच्याखालून पोटासाठी जातो ते डोक्यावर राहील ना, असं दररोज सकाळी वर बघून तपासावं लागणं याचा मला फार राग येतो. तो कोणावर काढायचा ते मात्र समजत नाही, कारण गाडीत राखीव आसनावर मीच बसलेला असतो.

एक गोष्ट मी ऑफिसात सांगत नाही. 21 जुलै 2021 च्या संध्याकाळी परतीच्या गाडीत कंडक्टरशी माझं सुट्ट्यांवरून वाजलं. त्याच्याकडे पाच रुपये नव्हते. त्याने तिकिटामागे '5' लिहून सही केली, आणि मी, कंपनीचे लाखाचे आकडे फिरवणारा माणूस, स्टँडपर्यंत धुसफुसत आलो. रात्रीत वाशिष्ठी आली. 22 तारखेला आमच्या खालच्या घरात पाणी छताला लागलं होतं, आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर. आगारात गाड्या बुडाल्या. आगारप्रमुख आणि त्यांची माणसं नऊ लाखांच्या आसपासची जमा रोकड घेऊन एका बसच्या टपावर चढली आणि पाण्यात तासन् तास तशीच बसून राहिली. आमची रोकड. दहा-दहाच्या चुरगळलेल्या नोटा, आमच्याशी हुज्जत घालून मिळवलेली नाणी. आदल्या संध्याकाळची माझी नोटही बहुधा त्यातच असेल. मी असतो तर गाठोडं सोडून नुसता जीव घेऊन चढलो असतो, आणि वर बसून त्याचा हिशेब लिहिला असता.

गाड्या पुन्हा सुरळीत झाल्यावर केव्हातरी तोच कंडक्टर भेटला. त्याचं घर पेठमापला, म्हणजे काय झालं असेल ते चिपळूणकराला सांगायला नको. तिकिटाचा तो कपटा माझ्याकडे नव्हता, घरात कागद म्हणावं असं काहीच उरलं नव्हतं. त्याने खिशातून पाचाचं नाणं काढून पुढे केलं. "काका, तुमचे राहिले होते." मी म्हटलं, "अहो, राहू दे हो, काय पाच रुपये." तो चांगलाच वैतागला. "राहू दे कसं? तेव्हा केवढे बोललात!"

मी ते नाणं घेतलं. भांडण लक्षात राहिलं म्हणून का होईना, त्या रस्त्यावर मला कोणीतरी ओळखत होतं.

हल्ली तो दुसऱ्या रूटला असतो. आमच्या गाडीला नवीन मुलगा आलाय, आणि त्याच्या हातातल्या मशीनवर क्यूआर कोड आलाय. सुट्ट्यांचा प्रश्न संपला. म्हणजे माझं आणि कंडक्टरचं रोजचं संभाषण संपलं. पण परवा घाटातच रेंज गेली. फोनवर ते चक्र गरगर फिरतंय, पैसे ना इकडे ना तिकडे, आणि तो मुलगा दांडा धरून माझ्यापाशीच अडकलेला. वेळ जायला म्हणून त्याने विचारलं, "काका, रोज असता काय या गाडीला?"

मी गिळलं. "रोज," म्हटलं.

"मग पास का काढत नाही? वीस दिवसांचे भरायचे, तीस दिवस फिरायचं."

आता हे गणित बायकोने मला कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलेलं आहे. महिन्याला पाच-सहा दिवसांचं भाडं मी जास्त भरतो, हे मला तिच्याआधी कळलेलं होतं. पण पासवाल्याकडे कंडक्टर बघत नाही हो. 'पास' म्हटलं की तो पुढे जातो. तिकीटवाल्यासमोर त्याला उभं राहावं लागतं, कुठे म्हणून विचारावं लागतं, सुट्ट्यांवरून चिडावं लागतं. पोराला हे सांगणार कसं? मी घसा साफ केला.

"बदली व्हायची आहे माझी," म्हटलं, "आज-उद्या ऑर्डर येईल. म्हणून थांबलोय."

आमच्या कारखान्याला दुसरी शाखा नाही. मागच्या सीटवर आमच्याच पॅकिंग खात्यातले दोघे बसले होते.