जोडप्याची सहल

आल्प्समध्ये जोडप्याने आठवडाभर बर्फावर घसरायला जायचं, तर आधी पैसे भरावे लागतात. आमच्या बीडची योजना सरस. इथे जोडप्यालाच आगाऊ पैसे मिळतात. त्याला उचल म्हणतात. आणि आठवडा कसला, चांगले पाच-सहा महिने! दिवाळीच्या सुमारास मुकादमाचा ट्रक येतो आणि धारूर-वडवणीकडची माणसं थेट सांगली-कोल्हापुरात, नाहीतर कर्नाटकात उतरतात. मुक्काम पाचटाच्या कोपीत. पहाटेची थंडी अस्सल. बर्फ तेवढा नाही.

नवरा-बायको मिळून हिशेबात एकच कोयता. इतकी एकरूपता कुठल्या मधुचंद्रात सापडेल? तो ऊस तोडतो, ती मोळी बांधून डोक्यावर घेते. उतार म्हणावा तर ट्रकला लावलेल्या फळीचा, तोही ओझ्यासकट चढायचा. एक दिवस अंग टाकलं की खाडा. त्याचा दंड वेगळा. 2024 साली ठरलेला दर टनाला 366 रुपये, दोघांत मिळून.

हंगाम संपतो, उचल फिटत नाही. म्हणजे पुढच्या वर्षीचं बुकिंग आपोआप पक्कं. अशी सोय स्वित्झर्लंडला तरी आहे का?