ओरिजिनल

भाऊंना कुणी सत्यनारायणाला बोलावलं, की ते आधी घराच्या मागच्या बाजूला जातात. तिथे पूर्वी गोठा असायचा, आता पत्र्याची शेड असते. शेडमध्ये मोडका पाळणा, मखराचा थर्माकोल आणि ताडपत्रीखाली काहीतरी दोन चाकांचं असतं. ते ‘काहीतरी’ बघून झाल्याशिवाय त्यांना प्रसाद गोड लागत नाही. एकदा एका तेराव्याला गेले होते. फोटोला हार घातला, हात जोडले, “फार मोठा माणूस,” असं म्हणाले आणि तसेच हात जोडलेले असताना मुलाला विचारलं, “त्यांची ती लँब्रेटा कुठे ठेवलीत?”

पनवेलला अशा माणसांचं पीक जरा बरं येतं. पुण्याचा नि गोव्याचा रस्ता आमच्याच दारात फुटतो, त्यामुळे तापलेलं इंजिन आणि त्याच्याशेजारी उकिडवा बसलेला हताश मनुष्य हे दृश्य आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्या मनुष्याला न बोलावता सल्ला द्यायला जे जायचे, त्यांतले बरेचसे पुढे भाऊंसारखे झाले. त्यातून भाऊ रसायनीकडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. आयुष्यभर सही घेतल्याशिवाय कुणाला नट दिला नाही. निवृत्तीनंतर एवढी शिस्त ठेवायची कुठे, हा प्रश्नच होता. तो वहिनींच्या मामांनी सोडवला, म्हणजे ते वारले आणि पेणकडच्या त्यांच्या घरात पेंढ्याखाली १९६८ची जावा निघाली.

सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली, टाकीला भोक, मडगार्डाची चाळण, साखळी गंजून एका लोखंडी कांबीत रूपांतर पावलेली. कोकणातला पाऊस लोखंडाला किती दया दाखवतो ते सांगायला नको. टेम्पोतून ती आमच्या लाइन आळीत उतरली तेव्हा आम्हाला वाटलं, भंगारवाल्याने चुकून उलट्या दिशेने फेरी मारली. भाऊ मात्र तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, “ओरिजिनल आहे.”

हा शब्द त्या दिवशी त्यांच्या तोंडात बसला तो बसलाच.

भाऊंचा वाडा आता इमारत झालाय, त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टने गाडी वर गेली ती सुट्या भागांत: आधी सांगाडा, मग चाकं, मग इंजिन. सांगाडा हॉलमध्ये टीव्हीपुढे राहिला. वहिनी वर्षभर मालिका हँडलच्या फटीतून बघत होत्या. प्रत्येक स्क्रू प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर जागा आणि तारीख. अशा पिशव्या मसाल्याच्या डब्यांत गेल्या आणि मसाले वर्तमानपत्राच्या पुड्यांत. टाकीचा आतला गंज काढायला तिच्यात लिंबूफुलाचं पाणी नि मूठभर खिळे घालून ती हलवायची असते. भाऊ हे काम रात्री नऊच्या मालिकेला करत, कारण तेव्हा ते बसूनच असतात.

पण खरी गंमत बेअरिंगची. क्रँककेसमध्ये नवं बेअरिंग हातोडीने ठोकलं तर बिघडतं. म्हणून केस तापवायची आणि बेअरिंग गारठवायचं. केस फुगते, बेअरिंग आक्रसतं, आणि बोटाने ढकललं तरी जागेवर जाऊन बसतं. हे शास्त्र बरोबर आहे, मी फिटरला विचारून खात्री केली आहे. फक्त त्यासाठी नानकटाईचा ओव्हन आणि फ्रीजर लागतो. वहिनींनी मटार काढायला हात घातला नि चार पोलादी कडी हातात आली, तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. “अहो, हे कशात घालायचं?” एवढंच त्यांनी विचारलं. ओव्हनला अजून इंजिन ऑइलचा वास येतो. त्यांच्याकडची नानकटाई मी घेतो, पण खिशात ठेवतो.

घरी येणाऱ्या प्रत्येकाला व्याख्यान ऐकावं लागे. गॅस सिलिंडरवालासुद्धा त्यातून सुटला नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीकडून परवाना घेऊन रुस्तम इराणींनी १९६०च्या सुमारास म्हैसूरला आयडियल जावा काढली, इथपासून सुरुवात. अडीचशे सीसी, टू-स्ट्रोक. सायलेन्सर दोन, पण सिलिंडर एकच. “बघणाऱ्याला वाटतं डबल इंजिन!” असं म्हणून भाऊ एक टाळी मागत. मग त्या प्रसिद्ध दांड्याचं प्रात्यक्षिक. जावाला किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की परत खाली आणून गिअर. १९७३पासून टाकीवर जावाऐवजी येझदी हे नाव आलं. भाऊंच्या लेखी त्यापुढचं सगळं म्हणजे चालू घडामोडी. १९९६ला म्हैसूरचा कारखाना बंद पडला हे वाक्य ते आवाज उतरवून म्हणतात, आणि त्यानंतर वहिनींनी चहा आणायचा असतो. २०१८मध्ये दुसऱ्या मालकांनी जावा नावाची नवी गाडी काढली. समोरच्या इमारतीतल्या मुलाने ती घेतली, पेढे घेऊन दाखवायला आणली. भाऊंनी पेढा खाल्ला, गाडीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “नाव चांगलं आहे.”

सुटे भाग मिळवण्यासाठी ते कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या पालथ्या घालत, रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट स्वस्त, टिकाऊ आणि न गंजणारा असतो. म्हणूनच तो नको, कारण १९६८ला तो गंजणारा होता. आडव्या खाचेच्या स्क्रूऐवजी फुलीचा स्क्रू दिसला की त्यांना कसंसंच होतं. बाजारात नव्याने बनवलेल्या नकली भागाला ‘पॅटर्न’ म्हणतात. हा शब्द भाऊ इतर माणसं ‘परजात’ म्हणत त्या सुरात उच्चारतात. टाकीच्या लालसर रंगाची नेमकी छटा ठरवायला त्यांनी पेंटरकडून इतके नमुने मारून घेतले की पेंटरने शेवटी स्वतःची स्कूटर त्याच रंगात रंगवून टाकली. डबा तरी संपावा.

ही दृष्टी पुढे गाडीपुरती राहिली नाही. हल्लीची वांगी पॅटर्न. नाट्यगृहात लागतात ती नाटकं पॅटर्न. पेट्रोलमध्ये तर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते पाणी ओढतं, जुन्या टाकीला गंज आणतं नि रबरी वायसर कुजवतं, ही त्यांची तक्रार मात्र खरी आहे. १८५२ची पनवेलची नगरपालिका २०१६ला महानगरपालिका झाली, तेव्हा लोक फटाके वाजवत होते आणि भाऊ गॅलरीतून म्हणाले, “बॅज बदललाय.”

अशात त्यांचा डावा गुडघा गेला. डॉक्टरांनी बदलायला सांगितलं. भाऊंनी विचारलं, “ओरिजिनल नाही का होत दुरुस्त?” डॉक्टर म्हणाले, बुशच शिल्लक नाहीत. ही भाषा भाऊंना समजली आणि ते टेबलावर आडवे झाले. घरी आल्यावर वहिनींनी पहिल्यांदा तोंड सोडलं. “डोळ्यात भिंग बसवलेलं, दात कवळीचे, छातीत स्टेंट, आता गुडघा. तुमच्यात ओरिजिनल म्हणावं असं फक्त ओरडणं राहिलंय.” भाऊंनी बराच विचार करून उत्तर दिलं, “चासी नंबर तोच आहे.”

आता अडचण अशी, की जावाची किक डावीकडे. गाडी उभी राहिली, चाकांच्या तारा आवळल्या, टाकीवर सोनेरी रेघ ओढली, खाली पार्किंगमध्ये आणून हार घातला. आणि किक मारायची डॉक्टरांची परवानगी नाही. समोरच्या मुलाने प्रयत्न केला. त्याला बटणाची सवय, त्याने दांडा आत न दाबताच पाय मारला. मी मारली, तर गाडी हललीसुद्धा नाही, मी हललो. सोसायटीच्या चेअरमननी नारळ हातात धरून घड्याळ पाहिलं. तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या, पदर खोचला, कार्ब्युरेटरवरची कळ दाबून पेट्रोल ओघळू दिलं, दांडा आत दाबून फिरवला आणि एकच किक. पार्किंग निळ्या धुराने भरलं. मामांच्या अंगणात लग्नाआधी त्या ही गाडी चालवत होत्या. भाऊंना हे माहीत नव्हतं, कारण एवढ्या वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं. त्या वेळीही विचारलं नाही. ते डोळे मिटून आवाज ऐकत होते. टाळ्या थांबल्या तसा त्यांनी हात वर केला. “बंद करा. पिस्टनचा आवाज येतोय. पॅटर्न दिलाय त्याने!”

संध्याकाळी इंजिन परत दुसऱ्या मजल्यावर.

कागदपत्रं मात्र मार्गी लागतायत. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ला नियम केले. नव्याने नोंदणी असेल तर वीस हजार, मुदत दहा वर्षं. आधी नोंदलेली असेल तर तिचा जुनाच नंबर ठेवता येतो. हे वाचून भाऊ इतके हरखले की त्यांनी नियम मोठ्याने वाचायला घेतले. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी रस्त्यावर आणता येते. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मग अडलंय कुठे? दुरुस्तीला चाललीच आहे की.”

माझं मत विचाराल तर ही गाडी कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंतसुद्धा जाणार नाही, आणि गेली तर वहिनी चालवतील. पण शेजारधर्म म्हणून एक निरोप देतो. १९७३च्या आधीच्या जावाचं, डाव्या बाजूच्या हत्यारांच्या पेटीचं झाकण कुणाच्या माळ्यावर पडलं असेल तर लाइन आळीत येऊन कुणालाही भाऊंचं घर विचारा. पोचा असला तरी चालेल, गंज असला तर उत्तम. फक्त आल्यावर नानकटाई नको म्हणा.