एल-वन काका

भोपाळच्या गोविंदपुऱ्यात त्यांना खऱ्या नावानं फक्त पोस्टमन ओळखतो. भेलच्या खरेदी खात्यात टेंडरं उघडण्यात उभी नोकरी गेली. सगळ्यात कमी दरवाला तो एल-वन, हे अंगात इतकं मुरलं की निवृत्तीनंतर क्वार्टर सुटलं, इंद्रपुरीत घर झालं, पण खातं सुटलं नाही. कोथिंबिरीलासुद्धा तीन कोटेशनं. पिपलानीच्या बाजारात भाजीवाले त्यांना लांबून बघितलं की आधीच ओरडतात, "बाबूजी, फायनल है!"

मागच्या पावसाळ्यात काकांनी मृत्युपत्र करायचं मनावर घेतलं. तिन्हीसांजेला तो शब्द काढायला काकूंची बंदी, म्हणून घरात त्याला 'ते काम' म्हणतात. आता 'त्या कामा'चे वकील किती घेतात, हे कुठंच छापलेलं नसतं. बार कौन्सिलच्या नियमानं वकिलाला जाहिरातच करता येत नाही, मग दरपत्रक कुठलं टांगणार? काका म्हणाले, "रेट नसलेला माल मी आयुष्यात घेतला नाही."

तीन कोटेशनं आली. कोर्टाबाहेरचा टायपिंगवाला 1500, "नाम-पता बदलके निकाल देंगे." एक तरुण वकील 8000, दोन मसुदे आणि रजिस्ट्रीला सोबत येणं धरून. तिसरे मोठे वकीलसाहेब 25,000, आणि भेटायला वेळ मागून घ्यायची.

काकांनी तक्ता आखला आणि आयटेमवार दर पाडले. स्टॅम्प ड्यूटी शून्य. साधा कागद चालतो. नोंदणी ऐच्छिक. साक्षीदार दोन, ते 1925च्या कायद्यानं हवेतच, पण शेजारी फुकट असतात. "कागद 2 रुपये, सही माझी, मरणार मी. मग हे 8000 कशाचे?"

हाच प्रश्न घेऊन ते तरुण वकिलाकडे गेले. त्यानं उलट विचारलं, "मकान किसको?"

"मिसेसला."

"उनके बाद?"

काकांनी चष्मा पुसला.

"बेटा आपसे पहले चला गया तो? बहू को, कि पोते को? एफडी में नॉमिनी कौन है?"

"मुलगा. सगळीकडे मुलगाच. ते मी केव्हाच करून टाकलंय," काका जरा खुलले.

"नॉमिनी मालिक नहीं होता, बाबूजी." विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं हे 1984 सालीच सांगितलं होतं, 2015मध्ये तिथला कायदा बदलला, हेही त्यानं जोडलं. काका घरी आले ते चालत. रिक्षाशी घासाघीस केली नाही, यावरूनच काकूंना काय ते कळलं.

मोठ्या वकीलसाहेबांनी तर फी न घेताच सांगून टाकलं, "कुछ मत कीजिए. आपकी वसीयत सरकार ने 1956 में ही बना रखी है." हिंदू उत्तराधिकार कायदा! बायको, मुलगा, मुलगी, तिघांना सारखा वाटा. खर्च शून्य. आणि 1956 म्हणजे आपल्या कारखान्याच्या कंपनीचंही साल! काका दोन दिवस तरंगत होते. एल-वनच्याही खाली दर निघाला होता.

तिसऱ्या दिवशी काकूंनी पोळी लाटता लाटता विचारलं, "म्हणजे घर तिघांचं? मग मला स्वयंपाकघराचा ओटा बदलायचा तर पुण्याहून सही मागवायची?"

ऑर्डर तरुण वकिलाला गेली, 7500ला. दोनऐवजी पाच मसुदे झाले. प्रत्येक मसुद्यात मुलीचा वाटा थोडा वाढला आणि काकूंच्या पाटल्यांचा रकाना मात्र कोराच राहिला. त्या म्हणतात, माझ्या वस्तूंचं टेंडर मी काढीन.

आता अडलंय ते साक्षीदारांवर. उद्या वाद झाला तर कोर्टात उभा राहायला साक्षीदार जिवंत हवा, हे वकिलानं सांगितल्यापासून काका कॉलनीत फिरून वयं, बीपी आणि साखर विचारताहेत. मजकूर वाचायला देणार नाहीत. सही आपल्यासमोर झाली एवढंच साक्षीदारानं बघायचं असतं. मीही माझा मागच्या महिन्याचा रिपोर्ट नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, तक्त्यात लिहिला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही एल-थ्री आहात."