एक, तीन, चार, दोन

गाडी चालू होत नाही म्हटलं की आजूबाजूचे लोक आधी बॅटरीकडे बोट दाखवतात. मग पेट्रोलकडे. मग कार्बोरेटरकडे, कारण तो शब्द उच्चारायला भारदस्त आहे. डिस्ट्रिब्युटरचं नाव कुणी घेत नाही. इंजिनाला चिकटून, काळी टोपी घालून, डोक्यातून पाच जाड वायरी काढून तो बसलेला असतो. पण बॉनेटभोवती जमलेल्या सल्लागारांपैकी एकाचीही नजर त्याच्यावर पडत नाही. माझ्या पद्मिनीपुरतं सांगायचं तर निम्म्याहून अधिक वेळा गुन्हेगार तोच निघाला आहे.

बॅटरीचे बारा व्होल्ट कॉइल पंधरा-वीस हजारांवर नेऊन ठेवते. हा करंट चार सिलिंडरांना ज्याच्या-त्याच्या वेळेला वाटायचा, हे डिस्ट्रिब्युटरचं काम. पंगतीतला वाढपीच म्हणा. फक्त हा वाढपी पहिल्या पानावर वाढून थेट तिसऱ्याकडे जातो, मग चौथ्याकडे, आणि दुसऱ्याकडे सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या पानावरच्या पाहुण्याने रुसायचं कारण नाही, क्रम कंपनीनेच ठरवून दिलेला आहे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर याला तेवढ्यात सहा हजार वेळा वाढावं लागतं, म्हणजे सेकंदाला शंभर. अशा धावपळीत शाफ्टच्या बुशला जरासा प्ले आला की वाढप्याचा हात थरथरू लागतो. उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप एका सिलिंडरला एक, दुसऱ्याला दुसरा. मग गाडी चढावर आचके देते आणि मागे बसलेले नातेवाईक एकमेकांकडे बघतात.

आमच्या डिस्ट्रिब्युटरला असा प्ले आला. मामांनी (आमचे मेकॅनिक, सगळा पेठभाग त्यांना मामाच म्हणतो) शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला आणि म्हणाले, "साहेब, हा आता दात पडलेल्या वयाचा झाला. दुसरा बघा."

दुसरा बघा, हे म्हणायला सोपं. आम्हा पद्मिनीवाल्यांची आजवरची चैन मुंबईच्या टॅक्सीवाल्यांच्या जिवावर चालली होती. १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आलेली ही गाडी पुढे पद्मिनी झाली, काळी-पिवळी झाली, आणि हजारो टॅक्सींना रोज काही ना काही लागत असल्यामुळे तिचा प्रत्येक स्क्रू कुठे ना कुठे बनत राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर सगळा कारभार आटोपला. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले, लोकांनी जुने फोटो काढले. मीही हळवा झालो, पण माझी चिंता व्यावहारिक होती : आता ती काळी कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर कोण बनवणार?

नाना पेठेतल्या दुकानात मालकाने एक डबा पुढे सरकवला.

"ओरिजिनल आहे का?"

"साहेब, डब्यावर लिहिलंय ना!"

लिहिलं होतं खरं. फक्त 'ओरिजिनल'च्या स्पेलिंगमध्ये एक आय जास्त होता. मागच्या भिंतीवरची पाटी मात्र निर्दोष मराठीत होती : 'इलेक्ट्रिक मालाची गॅरंटी नाही. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' माझा चेहरा पाहून मालकाने अँबॅसडरचा एक डिस्ट्रिब्युटर काढला. "हा घेऊन जा. थोडा घासला की बसून जाईल."

'बसून जाईल' या दोन शब्दांवर आपल्याकडचा निम्मा स्पेअर पार्टचा धंदा उभा आहे. घासलं की काहीही कुठेही बसतं. पण डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी थोडी आधी पडते. किती आधी, हे त्या-त्या इंजिनाचा स्वभाव बघून ठरवलेलं असतं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, अँबॅसडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं. दोघांची तब्येत वेगळी, वेळा वेगळ्या. पुष्कळ डिस्ट्रिब्युटरांत तर दोन स्प्रिंगाही एकसारख्या नसतात, एक बारीक आणि एक जाड. ते मुद्दाम केलेलं असतं. पूर्वी एका कर्तव्यदक्ष मेकॅनिकने माझ्या गाडीतली ही 'चूक' दुरुस्त करून दोन्ही स्प्रिंगा सारख्या बसवल्या होत्या. नंतर गाडी घाटात अशी खडखडायची की आत कुणी पत्रे ठोकतोय.

काउंटरवर तेवढ्यात सफारीतले एक गृहस्थ आले. अँबॅसडरवालेच. त्यांनी तो डिस्ट्रिब्युटर उचलला, रोटर हाताने पिळून सोडला आणि तो टुणकन जागेवर आला का ते पाहिलं. मग बाजूच्या व्हॅक्यूमच्या डबीची नळी चक्क तोंडात धरून ओढली आणि तिच्या तोंडाला जीभ लावून डोळे मिटून उभे राहिले. दुकानात शांतता. जीभ चिकटून राहिली तर आतला पडदा शाबूत, सुटली तर फाटलेला. गृहस्थ बराच वेळ बोलू शकत नव्हते. अखेर मान हलवून त्यांनी पसंती कळवली. एवढ्या बारकाईने आम्ही आंबेसुद्धा घेत नाही.

रोटरची कथा आणखी वेगळी. इंग्लंडातले जुन्या गाड्यांचे शौकीन लाल रोटरची शिफारस करतात, कारण स्वस्तातल्या काळ्या रोटरमधून करंट आतल्या आत शाफ्टला जाऊन मिळतो आणि चालती गाडी भर रस्त्यात गप्प होते. लाल रंगाची कीर्ती पसरली, आणि प्लास्टिकला लाल रंग देणं काही अवघड नसतं. तेव्हा रंगावर जाऊ नये.

मुंबईच्या एका स्नेह्याचं म्हणणं, ही सगळी कटकट सोड आणि इलेक्ट्रॉनिक बसव. पॉइंट-कंडेन्सर काढून टाकायचे, त्यांच्या जागी चुंबक आणि सेन्सर. घासत नाही, गॅप नाही, बघायलाच नको. त्याची गाडी खरोखर घड्याळासारखी चालते, हे मत्सर गिळून कबूल करतो. पण सेन्सर जातो तेव्हा न सांगता जातो, आणि मग महामार्गावर बॉनेट उघडून तुम्ही जे बघता त्याला निसर्गदर्शन म्हणतात. पॉइंट मरायच्या आधी चार दिवस कुरकुरतात, तक्रार करतात, संधी देतात. पॉलिश पेपरचा तुकडा फिरवला, फीलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घालून साधारण ०.४ मिलिमीटरचा गॅप धरला, की निदान घरापर्यंत आणतात. चार्ल्स केटरिंगने १९१०च्या कॅडिलॅकसाठी पॉइंटची ही युक्ती बसवली ती ओहायोतल्या डेटन गावी, मित्राच्या कोठारात. कोठारात जन्मलेली वस्तू रस्त्याच्या कडेला दुरुस्त होते, यात नवल नाही. मला न बिघडणाऱ्या वस्तूपेक्षा, कशी बिघडते हे ठाऊक असलेली वस्तू जास्त भरवशाची वाटते. स्नेही याला म्हातारपण म्हणतो.

शेवटी नवा घेतलाच नाही. जुन्याचाच सांगाडा ठेवला. लेथवाल्याकडून नवीन बुश करून घेतलं, वजनं रॉकेलमध्ये धुतली, मूळच्या बारीक-जाड स्प्रिंगा मामांच्या डब्यात सापडल्या त्या परत बसवल्या. कॅप मात्र जुन्या स्टॉकमधली, टॅक्सींच्या राज्यातली मिळाली. आतला कार्बन अजून कोराकरकरीत. पावसाळ्यात तिच्यात ओल धरली की कोरड्या फडक्याने पुसायची, एवढीच तिची अपेक्षा.

जादा पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पॉलिश पेपर आणि एक स्क्रूड्रायव्हर असा सगळा संसार आता श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात डिकीत असतो. वाईला जाताना खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा भाच्याने तो डबा मोठ्या आशेने उघडला. "मामा, हे आम्रखंड आहे की साधं?" एवढंच त्याने विचारलं, आणि पुरीचा डबा परत ठेवून दिला.